जिल्ह्याची सीमा आणि बोलीची सीमा

मराठीच्या बोलींवर विद्यापीठांतून जे प्रबंध लिहिले गेले व लिहिले जात आहेत त्यांपैकी पुष्कळांच्या शीर्षकांचा साचा एकच असतो : ‘अमुक जिल्ह्यातील बोली – एक अभ्यास’. जिल्ह्याच्या ठिकाणी कधी तालुका येतो, कधी ‘भाषावैज्ञानिक’ हे विशेषण ‘अभ्यास’ ह्या शब्दापूर्वी येऊन बसते, एवढाच काय तो फरक. ह्या साच्यात एक गृहीतक दडलेले आहे. जिल्हा नावाचा जो महसुली घटक आहे तोच भाषिक घटकही आहे, असे ते गृहीतक होय. ते कोठून आले, त्यामुळे आपल्या अभ्यासाचे काय बिघडले, आणि राज्यांच्या सीमा ठरविण्याच्या वेळी तेच गृहीतक उलट्या बाजूने कसे वापरले गेले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल एकच गाव घेऊ. ‘मौजे घोटावडे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे’ ही आजची सरकारी शब्दावली होय. तिच्यातील पहिले पद तेवढे टिकाऊ आहे. पुढची दोन पदे काळाप्रमाणे बदलत आलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुळशी हा स्वतंत्र तालुका नसून हवेली तालुक्याचा पेटा होता, व पेट्यावर मामलेदार नसून महालकरी असे. त्याच्याही मागे गेलो तर हा सारा टापू मावळ म्हणून ओळखला जाई. पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे अशी त्याची विभागणी नद्यांवरून झालेली होती, आणि मोसे खोऱ्याला पासलकर, रोहिड खोऱ्याला जेधे, हिरडस मावळाला बांदल असे ज्याचे त्याचे देशमुख असत. शेजारचा भोरचा मुलूख १९४८ पर्यंत संस्थानी होता. विलीनीकरणानंतर त्याचा घाटावरील भाग पुणे जिल्ह्यात व घाटाखालील सुधागडचा भाग कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात गेला. अलीकडच्या काळात तर एकाच गावावर अनेक सीमा एकावर एक अंथरलेल्या दिसतात. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने मुळशी तालुका भोर विधानसभा मतदारसंघात व बारामती लोकसभा मतदारसंघात घातला. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत जी तेवीस गावे समाविष्ट झाली, त्यांत सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही मुळशी तालुक्यातील गावेही होती. ह्या सर्व फेरफारांपैकी एकाही फेरफाराच्या दुसऱ्या दिवशी त्या त्या गावचा माणूस निराळी मराठी बोलत उठला, असे घडलेले नाही. ‘घोटावडे’ ह्या नामाचे सामान्यरूप पेट्याच्या अमदानीत जसे ‘घोटावड्या-’ होत होते तसेच ते आजही होते. पुणे-पुण्यास, ठाणे-ठाण्यास ह्यांच्याच पंक्तीत ते बसते, आणि त्या पंक्तीला महसूलखात्याची मंजुरी लागत नाही.

ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु उघड गोष्टीच पद्धतिशास्त्रातून निसटतात. त्या कशा निसटल्या हे पाहावयाचे तर ग्रीअर्सनच्या सर्वेक्षणाकडे वळले पाहिजे.

भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्याची सिद्धता प्रामुख्याने स्टेन कोनो ह्यांनी केली होती. ह्या खंडाचे ऋण मान्य न करणारा मराठी भाषाभ्यासक कृतघ्न म्हणावा लागेल. परंतु ऋण मान्य करणे निराळे आणि त्याच्या सामग्रीचे मूळ न तपासता तिच्यावर इमले चढविणे निराळे. ही सामग्री कशी गोळा झाली? प्रत्येक जिल्ह्याच्या व संस्थानाच्या अधिकाऱ्यास आपल्या हद्दीत कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात ह्याची यादी मागविण्यात आली. मग त्या यादीतील प्रत्येक बोलीचे नमुने मागविण्यात आले. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त, एखादा स्थानिक उतारा आणि शब्दांची व वाक्यांची ठरीव यादी, असे त्या नमुन्यांचे स्वरूप होते. बोलणाऱ्यांची संख्या १८९१ च्या जनगणनेवरून आली, व तीही जिल्हावार. म्हणजे प्रश्न जिल्ह्याला विचारला गेला, उत्तर जिल्ह्याने दिले, आणि नकाशावर ते जिल्ह्याच्याच आकारात उमटले. बोली एकमेकींत हळूहळू मिसळत जातात, त्यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही, हे ग्रीअर्सनला पूर्णपणे ठाऊक होते व त्याने ते स्पष्टपणे मांडलेही आहे. परंतु प्रस्तावनेतील सावधगिरी कोष्टकात उतरत नाही. वाचक प्रस्तावना विसरतो व कोष्टक लक्षात ठेवतो.

ह्याचे दोन परिणाम विशेष दूरगामी झाले. पहिला परिणाम मराठवाड्याचा. हैदराबाद संस्थान सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते. मद्रास इलाखा व म्हैसूर हेही बाहेर होते. म्हणून औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद ह्या प्रदेशांची मराठी, जिच्यात महानुभावांचे वाङ्मय व संतवाङ्मय ह्यांची एवढी मोठी परंपरा नांदली, ती ह्या सर्वेक्षणात जवळजवळ मुकी आहे. ते मौन भाषिक कारणाने नव्हे, राजकीय सीमेमुळे उत्पन्न झालेले आहे. पुढील अभ्यासकांनी मात्र ते मौन भाषिक अर्थाने वाचले. देशी, कोकणी, वऱ्हाडी, नागपुरी अशी ठसठशीत नावे सर्वेक्षणाने दिली, आणि ज्या प्रदेशाला नाव मिळाले नाही त्या प्रदेशाला जणू स्वतःचे रूपच नाही, अशी समजूत दृढ झाली. पाठ्यपुस्तकांतील ‘मराठीच्या प्रमुख बोली’ हे प्रकरण आजही ह्याच क्रमाने लिहिले जाते. खानदेशीची कथा निराळी. तिची गणना ह्या खंडात न होता १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ली भाषांच्या खंडात झाली, आणि त्यावरून ‘अहिराणी मराठीची बोली की नव्हे’ हा वाद जो सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

दुसरा परिणाम पुणे जिल्ह्याच्या बाबतीत घडला, व तो अधिक सूक्ष्म आहे. पुण्याच्या नावावर प्रमाण मराठीचा नमुना नोंदला गेल्यामुळे पुणे जिल्हा हा प्रमाणभाषेचा जिल्हा ठरला. वास्तविक तो नमुना पुणे शहरातील सुशिक्षितांच्या लेखनाचा आहे. ‘पानी’, ‘कोन’, ‘व्हतं’, ‘इस्तू’ म्हणणारा मावळातला कुणबी त्यात ऐकू येत नाही. कातकऱ्यांची नोंद सर्वेक्षणात आहे, पण ती कोकणच्या अंगाने झालेली आहे. घाटमाथ्यावर राहणारा कातकरी पुण्याच्या कोष्टकात हरवतो. शहर व त्याचे मावळ ह्यांच्यामध्ये जेवढे भाषिक अंतर आहे, तेवढे दोन जिल्ह्यांमध्येही कित्येकदा नसते. पण ते अंतर जिल्ह्याच्या पोटात असल्यामुळे दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मुळशी, मावळ, भोर ह्या तालुक्यांतील भाषेकडे आपल्या विभागांचे जे दुर्लक्ष झाले त्याचे कारण येथे आहे. दूर चंदगडास वा गडचिरोलीस जाऊन सामग्री आणणारा विद्यार्थी पौडास जात नाही. कारण पौडाची भाषा ‘पुण्याची’ म्हणून आधीच ठाऊक आहे, असे त्याला व त्याच्या मार्गदर्शकास वाटते. दरम्यान बोलीची ठिकाणे नाहीशीही होतात. मुळशीचे धरण टाटा कंपनीने बांधावयास घेतले आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, हे सर्वश्रुत आहे. त्या पाण्याखाली मुळशी पेट्यातील जी गावे गेली त्यांची भाषा कोणी नोंदवून ठेवली नाही. जिल्ह्याचा नकाशा मात्र धरणाआधी जसा होता तसाच नंतरही राहिला.

मग प्रशासकीय विभागणीचा भाषेशी काहीच संबंध नाही काय? असे म्हणणे दुसऱ्या टोकाचे होईल. संबंध आहे, पण तो आपण जेथे शोधतो तेथे नाही. ध्वनिव्यवस्थेत वा विभक्तिप्रत्ययांत तो फारसा सापडत नाही. शब्दसंग्रहात, आणि त्यातही राज्यकारभाराच्या शब्दसंग्रहात, तो ठसठशीतपणे सापडतो. हा भाग आपल्या अभ्यासकांनी विशेष हाताळलेला नसल्यामुळे येथे थोडा विस्तार करणे अवश्य वाटते.

‘जिल्हा’, ‘तालुका’, ‘महाल’, ‘परगणा’, ‘सुभा’ ही सगळी नामे फारसीच्या द्वारे आली. ‘जिल्हा’ ह्याच्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी अथवा बाजू असा आहे, ‘तालुका’ ह्याच्या मुळाशी संबंध ही कल्पना आहे, तर ‘हवेली’ म्हणजे राजधानीच्या वा ठाण्याच्या निकटचा, थेट सरकारच्या ताब्यातील मुलूख. पुण्याभोवतीचा तालुका आजही हवेली म्हणविला जातो, पण त्या शब्दाचा हा अर्थ तेथील कोणाच्या मनात नाही. शिवकाली राज्यव्यवहारकोशाने अशा यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देऊ केले; सुभा गेला, परगणा गेला, पण ते कोशामुळे गेले नाहीत, त्या त्या व्यवस्था मोडल्या म्हणून गेले. ‘जिल्हा’ व ‘तालुका’ राहिले, कारण इंग्रजांनी त्यांच्या साच्यात नवी व्यवस्था ओतली. ह्यावरून एवढे दिसते की प्रशासकीय शब्दाचे आयुष्य त्याच्या व्युत्पत्तीवर अवलंबून नसते, कचेरीच्या आयुष्यावर अवलंबून असते. आणि क्वचित तो कचेरीपेक्षाही अधिक जगतो.

‘मामलेदार’ ह्या शब्दाचा प्रवास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबई इलाख्यात तालुक्याचा अधिकारी मामलेदार. मध्यप्रांत-वऱ्हाडात व हैदराबाद संस्थानात तहसीलदार. हैदराबादेत तर ‘तालुकदार’ हा शब्द तालुक्याच्या अधिकाऱ्याचा वाचक नव्हताच. ‘अव्वल तालुकदार’ म्हणजे जिल्हाधिकारी. पुण्याचा माणूस औरंगाबादेस गेला तर शब्द ओळखीचे पण अर्थ परके, अशी त्याची अवस्था होत असली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच व विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि तीन कारभारांच्या तीन परिभाषा एका सचिवालयात एकत्र आल्या. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाने परिभाषा एकरूप करण्याचे काम हाती घेतले. १९६२ चा पदनाम कोश हे त्याचे एक फळ. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत तालुक्याचा अधिकारी तहसीलदार ठरला. म्हणजे जिंकला तो पश्चिम महाराष्ट्राचा शब्द नव्हे. राजकीय वर्चस्व ज्या प्रदेशाचे, शब्दही त्याचाच टिकतो, हा सोपा सिद्धान्त येथे लागू पडत नाही. ‘तालुका’ मात्र मुंबईकडचा टिकला, आणि विदर्भात ‘तहसील’ हा शब्द बोलण्यात अजून चालतो. पुण्याकडील म्हातारी माणसे ‘मामलेदार कचेरी’ म्हणत असत व काही अजून म्हणतात. गोव्यात तर मामलेदार हे पद आजही अधिकृतपणे नांदत आहे. एका शब्दाचा नकाशा काढला तर तो पोर्तुगीज, निजामी व इंग्रजी सीमांचा नकाशा होतो. ज्या सीमा कागदावरून पुसल्या गेल्या त्या शब्दसंग्रहात शिल्लक आहेत. उच्चारात त्या कधी नव्हत्याच.

येथवर जे म्हटले ते विद्यापीठाच्या चार भिंतींत राहिले असते तर फारसे बिघडले नसते. परंतु बोलीची सीमा व कारभाराची सीमा ह्यांची गल्लत ही राज्यपुनर्रचनेच्या वेळी लक्षावधी माणसांच्या आयुष्याशी भिडली. भाषाशास्त्रज्ञाने त्या कागदपत्रांकडे पक्षकार म्हणून नव्हे, तर वाचक म्हणून एकदा तरी पाहिले पाहिजे.

फाझल अली, कुंझरू व पणिक्कर ह्यांच्या आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सादर केला. सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक मोडू नये, अशी त्याची भूमिका होती. बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे देताना त्यातील चंदगड तालुका तेवढा वेगळा काढण्यात आला व तो पुढे कोल्हापूर जिल्ह्यात गेला. म्हणजे नियम जिल्ह्याचा, अपवाद तालुक्याचा. खानापूर तालुक्याला हा अपवाद का लागू झाला नाही, ह्याचे भाषिक उत्तर अहवालात शोधणाऱ्याची निराशा होते. कारण उत्तर भाषिक नाहीच. जिल्हा ही इंग्रजी राजवटीने आपल्या सोयीसाठी पाडलेली चौकट. तिच्यात मराठी व कन्नड गावे एकत्र आली ती योगायोगाने. भाषिक राज्याची मागणी ज्या अन्यायाविरुद्ध होती त्या अन्यायाचीच ही चौकट होती. आणि नवी राज्ये आखताना आधाराला घेतली ती तीच.

ह्याच्या उलट टोकाला पाटसकर सूत्र आहे. आंध्र व मद्रास ह्यांच्या सीमातंट्यात हरि विनायक पाटसकरांनी, जे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, खेडे हा घटक, भौगोलिक सलगता व भाषिक बहुसंख्या अशी तत्त्वे लावली, आणि १९५९ च्या कायद्याने त्यांची अंमलबजावणी झाली. महाराष्ट्राची मागणी ह्याच तत्त्वांवर आधारलेली होती. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी सीमाप्रश्नासाठी उपोषण केले. मुळशीच्या सत्याग्रहाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होऊन गेली होती. त्याच वर्षी न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन ह्यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात महाजनांनी निपाणी, खानापूर, नंदगड ह्यांसह २६४ गावे महाराष्ट्राला व जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर ह्या भागांतील २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचविले, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. मागणी ८१४ गावांची होती. २००४ पासून ८६५ गावांचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

प्रस्तुत लेखक मराठी भाषक आहे व त्याची सहानुभूती कोठे आहे हे लपविण्याचे कारण नाही. तथापि ‘खेडे हा घटक’ हे तत्त्व जिल्ह्याच्या तत्त्वापेक्षा न्याय्य असले, तरी तेही भाषाशास्त्राच्या कसोटीस पुरेपूर उतरते असे नाही. जनगणना प्रत्येक माणसाला एक मातृभाषा देते. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नावे नोंदली गेली. पण एका घरात, एका तोंडात किती भाषा नांदतात हे मातृभाषेच्या त्या नोंदीवरून कळत नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा गम्पर्झ व विल्सन ह्यांनी केलेला, १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ह्या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्या गावातील मराठी, कन्नड व उर्दू ह्यांची वाक्यरचना शतकानुशतकांच्या सहवासाने इतकी सारखी झालेली आहे की, एका भाषेतील वाक्यावरून दुसऱ्या भाषेतील वाक्य शब्दागणिक बदलून तयार करता यावे. भेद उरला तो शब्दांचा व प्रत्ययांच्या रूपांचा. कुपवाड महाराष्ट्रात आहे, व त्याबद्दल कोणाचा वाद नाही. पण तेथील व्याकरण मराठी की कन्नड, असा प्रश्न विचारला तर बहुमताने त्याचा निर्णय लागणार नाही.

सीमावादाच्या साहित्यात आणखी एक युक्तिवाद वारंवार येतो, तो ग्रामनामांचा. शं. बा. जोशी ह्यांनी महाराष्ट्रातील ग्रामनामांचे कन्नड मूळ दाखविण्याचा प्रयत्न केला. त्यांची विद्वत्ता वादातीत आहे व त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती विचारार्ह आहेत. परंतु नावाची व्युत्पत्ती हा त्या गावच्या आजच्या भाषेचा पुरावा होऊ शकत नाही. ती फार तर कोणे एके काळी तेथे कोण होते हे सुचविते. व्युत्पत्तीवरून सातबारा ठरू लागला, तर पुण्याभोवतालची किती खेडी कोणाच्या नावे चढतील ह्याचा नेम नाही, आणि मुंबईच्या उपनगरांचे तर नावच काढू नये. मराठी पक्षाकडूनही ह्याच जातीचे युक्तिवाद झालेले आहेत, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

१९६० नंतर महाराष्ट्राच्या अंतर्गत सीमाही स्थिर राहिलेल्या नाहीत. राज्य स्थापन झाले तेव्हा जिल्हे २६ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाला तेव्हा ते ३६ झाले. त्याच्या पाठोपाठ बोलींची नावेही बदलू लागली आहेत. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. मालवणी जणू त्या दिवसापासून नव्या जिल्ह्याची मालमत्ता झाली, आणि राजापूरकडील तिच्या छटा रत्नागिरीच्या प्रबंधात ‘मिश्र’ ठरल्या. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. अहिराणी मात्र धुळे, नंदुरबार, जळगाव एवढ्यावर न थांबता नाशिकच्या बागलाण-कळवणात पसरलेली आहे. तिला कोणत्या जिल्ह्याच्या शीर्षकाखाली बसवावयाचे? डॉ. अ. मा. घाटगे ह्यांनी साठीच्या दशकात बोलींच्या पाहणीची जी मालिका काढली तिच्यात कुडाळी (१९६५), काणकोणची कोकणी (१९६८) अशी एकेका स्थळाच्या वा समाजाच्या भाषेची तपशीलवार वर्णने आहेत. त्यांनी जिल्हा घेतला नाही. ठिकाण घेतले, माणूस घेतला, आणि त्याचे बोलणे नोंदविले. ह्या मालिकेचे अनुकरण आपल्याकडे जेवढे व्हावयास पाहिजे होते तेवढे झाले नाही. स्थळ लहान वाटते, जिल्हा भारदस्त वाटतो.

सीमेमुळे भाषेत खरोखर काय बदलते हे पाहावयाचे असेल तर चंदगड व खानापूर ह्यांच्याइतके योग्य क्षेत्र दुसरे नाही. १९५६ पर्यंत दोन्ही तालुके बेळगाव जिल्ह्यात होते. त्यानंतर एक महाराष्ट्रात, दुसरा कर्नाटकात. दोन्हीकडे मराठी, दोन्हीकडे कन्नडचा व कोकणीचा शेजार. फरक शाळेचा, कचेरीचा व एस. टी. च्या पाटीचा. सीमेच्या दोन्ही अंगांची पाच-पाच गावे निवडून, १९५६ पूर्वी जन्मलेली माणसे व त्यांची नातवंडे ह्यांच्या बोलण्याची तुलना केली, तर दोन पिढ्यांत कारभाराची सीमा बोलीत कितपत झिरपली हे मोजता येईल. प्रथमपुरुषी क्रियारूपे बहुधा दोन्हीकडे सारखी निघतील असा प्रस्तुत लेखकाचा अंदाज आहे. कागदपत्रांची नावे निघणार नाहीत. पण तेथेही सावध राहिले पाहिजे. जमिनीच्या ज्या कागदाला महाराष्ट्रात ‘सात-बारा’ म्हणतात त्याला कर्नाटकात ‘पहाणी’ हे नाव आहे. आणि तरीही उत्तर कर्नाटकातला कन्नड भाषक शेतकरी त्याच कागदाला सर्रास ‘उतार’ म्हणतो, जो आपला ‘उतारा’ आहे.